घरच्या सॉसेज-चीजचा घाट

सुटीत पुण्या-मुंबईहून मुले गावी आली, की जेवणाआधी काहीतरी चटकदार हवे, अशी मागणी घरोघरी होते. एके काळी ती भजी, भाजलेल्या शेंगा आणि तळलेले पापड यांवर भागत असे. आता शहरातील हॉटेलांनी 'स्टार्टर' नावाचे नवे प्रकरण मुलांच्या जिभेवर रुजवले आहे. त्यात सॉसेज आणि चीज भरून भाजलेल्या छोट्या पावांना विशेष मान आहे. बाहेरून खरपूस, आतून मऊ आणि मोडताच चीजची तार सुटावी, असा हा पदार्थ. तो घरी करून घाला, असा हट्ट आता बुलढाणा जिल्ह्यातील गावांतही ऐकू येतो.

मोताळा तालुक्यातील धामणगाव बढे यासारख्या गावात हा हट्ट पुरवायचा, तर पहिला विचार मनात येतो तो गोठवलेल्या सॉसेजचे पाकीट मलकापूर किंवा बुलढाण्याहून आणण्याचा. परंतु हे पाकीट उणे १८ अंश सेल्सिअस तापमानात राहावे, अशी त्याची अट असते. एप्रिल-मे महिन्यांत, पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा, दुचाकीच्या डिकीतून किंवा एस.टी.च्या रॅकवरून आलेले पाकीट घरी पोहोचेपर्यंत नरम पडलेले असते. ते पुन्हा बर्फाच्या कप्प्यात घातले, मध्येच वीज गेली, पुन्हा आली, की त्याचे नेमके काय झाले हे बाहेरून कळण्यास मार्ग उरत नाही. कारखान्यापासून स्वयंपाकघरापर्यंतच्या थंडाव्याच्या या साखळीला 'शीतसाखळी' म्हणतात आणि खेड्याच्या शेवटच्या काही किलोमीटरांवर तीच सर्वांत कच्ची असते.

याउलट सकाळी डोळ्यांदेखत कापलेली कोंबडी, घरच्या किंवा शेजारच्या गोठ्यातील म्हशीचे दूध आणि गिरणीतून दळून आणलेले गव्हाचे पीठ या तिन्ही गोष्टी गावात विनासायास मिळतात. त्यामुळे या ठिकाणी सॉसेज-चीजचा घाट मुळापासून घरी घालणे ही निव्वळ हौस राहत नाही; ते अधिक शहाणपणाचेही ठरते. मात्र त्याला एक अट आहे. सॉसेज हा मुळात टिकवण्यासाठी जन्मलेला पदार्थ. घरी केलेले ताजे सॉसेज मात्र टिकत नाही. या दोहोंमधला फरक ज्याला उमगला, त्यानेच या वाटेला जावे.

टिकवण्याच्या तीन विद्या

सॉसेज, चीज आणि पाव हे तीन पदार्थ आज एकाच थाळीत नांदत असले, तरी त्यांच्या जन्मामागील गरज एकच होती. मांस, दूध आणि धान्य यांपैकी पहिली दोन अत्यंत नाशिवंत. थंड हवेच्या मुलखात हिवाळ्याच्या तोंडावर जनावर कापले, की त्याचे मांस पुढील अनेक महिने पुरवणे भाग असे. मांस बारीक करून त्यात भरपूर मीठ घालायचे, ते आतड्यात ठासून भरायचे आणि धुरावर किंवा वाऱ्यावर सुकवायचे, ही युक्ती त्यातूनच निघाली. 'सॉसेज' या शब्दाचे मूळ लॅटिनमधील 'साल्सुस' म्हणजे 'खारवलेले' या शब्दात आहे. मीठ हा या पदार्थाचा प्राण आहे, हे त्याचे नावच सांगते.

दुधाचेही तेच. दूध दिवसभरात नासते, दही दोन-चार दिवस टिकते. पण दुधातील पाणी काढून टाकून, उरलेला गोळा खारवून ठेवला तर तो महिनोन् महिने टिकतो. हेच चीज. पोर्तुगीज जिथे जिथे गेले तिथे त्यांनी चीजची आवड नेली. बंगालमधील हुगळीकाठी बंडेल येथे त्यांच्या वसाहतीच्या खुणा आजही 'बंडेल चीज'च्या रूपाने आढळतात. लहान चकत्यांच्या आकाराचे हे चीज मीठ लावून व धुरी देऊन टिकवले जाते. बंगालच्या दमट हवेत शीतकपाटाविना चीज टिकवायचे, तर मीठ आणि धूर यांवाचून दुसरा उपाय नव्हता.

गोव्याचे 'चोरीस'

मराठी माणसाला सर्वांत जवळचे सॉसेज म्हणजे गोव्याचे 'चोरीस'. १५१० ते १९६१ एवढा दीर्घ काळ गोव्यावर पोर्तुगीजांचा अंमल राहिला. त्यांच्या मूळ 'शोरिसु'मध्ये लसूण, पाप्रिका आणि वाइन असते. गोव्यात त्याने देशी रूप धारण केले. वाइनच्या जागी माडाच्या सुरेचे व्हिनेगर आले. मिरचीचा तिखटपणा वाढला. मिरी, लवंग, दालचिनी, आले आणि हळद यांनी त्याला खास गोव्याचा वास दिला.

चोरीस करण्याची रीत पाहिली, की तिच्यातील प्रत्येक पायरीमागील शहाणपण ध्यानात येते. डुकराच्या मांसाचे छोटे तुकडे करून ते आधी मिठात मुरवतात, त्यामुळे मांसातील पाणी सुटते. नंतर व्हिनेगरमध्ये वाटलेल्या मसाल्यात ते पुन्हा मुरते. आंबटपणामुळे जंतूंची वाढ रोखली जाते. मग ते स्वच्छ केलेल्या आतड्यात भरून, दोऱ्याने गाठी मारून, जपमाळेसारख्या लांबलचक माळा तयार होतात. या माळा उन्हात वाळवल्या जातात, चुलीवरच्या धुरात टांगल्या जातात. पावसाळ्यात मासेमारी मंदावते आणि बाजारहाट अवघड होतो, तेव्हासाठी उन्हाळ्यातच भरून ठेवायच्या बेगमीला गोव्यात 'पुरुमेंत' म्हणतात. सुकी मासळी, कोकम, लोणची यांच्या जोडीने चोरीसच्या माळाही त्या बेगमीत असत. वऱ्हाडात उन्हाळ्यात कुरडया, पापड आणि सांडगे घालण्यामागे जे धोरण, तेच या माळांमागे आहे.

खाताना चोरीस कांदा-बटाट्यासह शिजवून पावात भरतात. हाच 'चोरीस-पाव' होय. मराठीतला 'पाव' हा शब्दही पोर्तुगीजांचीच देणगी. खुद्द पोर्तुगालमध्ये मात्र कच्च्या पिठाच्या गोळ्यातच शोरिसुचे तुकडे भरून तो गोळा भट्टीत भाजण्याची जुनी पद्धत आहे. भाजताना सॉसेजची चरबी वितळून पावात मुरते आणि पावाला आतून लाली चढते. आज हॉटेलांत मिळणाऱ्या सॉसेज-चीजच्या भाजलेल्या 'स्टार्टर'चा हा एक जुना भाऊबंद म्हणता येईल.

सॉसेजमधील विष

टिकवण्याच्या या विद्येला एक काळी बाजूही आहे. १७९३ साली जर्मनीतील वुर्टेम्बर्ग प्रांतात, विल्डबाड येथे सॉसेज खाऊन काही जण दगावले. त्यानंतरही अशा घटना घडत राहिल्या. १८२० च्या सुमारास युस्टिनुस केर्नर या वैद्याने, जो कवी म्हणूनही प्रसिद्ध होता, या 'सॉसेजच्या विषा'ची बारकाईने नोंद केली. पुढे १८९५ मध्ये बेल्जियममध्ये खारवलेल्या मांसातून विषबाधा झाली आणि एमिल व्हान एर्मेंगेम या शास्त्रज्ञाने त्यास कारणीभूत असलेला जंतू शोधून काढला. या रोगाला 'बॉट्युलिझम' हे नाव मिळाले ते 'बोटुलुस' म्हणजे सॉसेज या लॅटिन शब्दावरूनच.

हा जंतू जिथे हवा नाही तिथे वाढतो. ठासून भरलेल्या आतड्याच्या पोटात हवा नसते. त्यात मीठ कमी पडले, आंबटपणा नसला आणि पदार्थ कोमट जागी राहिला, तर त्याला मोकळे रान मिळते. यावर तोडगा म्हणून पूर्वी सॉसेजमध्ये सोरा घालत. आजचे कारखाने नायट्राइट वापरतात. त्यामुळे हा जंतू आटोक्यात राहतो आणि मांसाला तो परिचित गुलाबी रंगही येतो. परंतु नायट्राइटचे प्रमाण ग्रॅमच्याही अंशात मोजावे लागते आणि ते चुकले तर तेच विष ठरते. घरच्या स्वयंपाकघरात सोरा किंवा नायट्राइट यांना अजिबात थारा देऊ नये.

दुसरीही एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ऑक्टोबर २०१५ मध्ये प्रक्रिया केलेल्या मांसाचा समावेश कर्करोगास निश्चित कारणीभूत ठरणाऱ्या घटकांत केला. असे मांस रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असे तिने म्हटले. याचा अर्थ एखाद्या वेळी सॉसेज खाणे घातक आहे असा नव्हे. मात्र मुलांच्या रोजच्या डब्यात ते देऊ नये, एवढा बोध त्यातून नक्कीच घ्यावा. घरचे सॉसेज खारवलेले, धुरावलेले किंवा नायट्राइट घातलेले नसल्याने या अर्थाने ते 'प्रक्रिया केलेले मांस' राहत नाही. पण त्याच कारणाने त्याचे संरक्षक कवचही नाहीसे होते. ते मसाला घातलेला ताजा खिमाच असते आणि खिम्याइतकेच जपावे लागते.

खिम्याचे सॉसेज होते कसे?

खिम्याचा कबाब करताना तो अनेकदा सुटतो, भुगा होतो. सॉसेज मात्र कापले तरी एकसंध राहते. यामागे अंड्याची किंवा पिठाची करामत नाही. ती मिठाची आहे. मांसात मायोसिन नावाचे प्रथिन असते. मीठ घालून खिमा जोराने मळला, की हे प्रथिन बाहेर येऊन चिकट होते आणि शिजल्यावर जाळे विणून चरबी व पाणी धरून ठेवते. मात्र मळताना खिमा गार हवा. तो कोमट झाला की चरबी सुटते, जाळे नीट विणले जात नाही आणि सॉसेज कोरडे, रवाळ होते. म्हणूनच मांस, लोणी आणि भांडे ही तिन्ही आधी शीतकपाटात गार करून घ्यावीत आणि पाण्याऐवजी बर्फाचे पाणी वापरावे.

साहित्य : हाडे काढलेले कोंबडीच्या मांडीचे मांस ५०० ग्रॅम, घट्ट गार लोणी ६० ग्रॅम, पावाचा चुरा २५ ग्रॅम, बर्फाचे पाणी ४० मिलिलिटर, मीठ ९ ग्रॅम म्हणजे सपाट दीड चहाचा चमचा, वाटलेला लसूण १ मोठा चमचा, लाल तिखट २ चहाचे चमचे, जाडसर कुटलेली मिरी १ चहाचा चमचा, लवंग-दालचिनीची पूड चिमूटभर, व्हिनेगर १ चहाचा चमचा.

कृती : मांसाचे तुकडे अर्धा तास बर्फाच्या कप्प्यात ठेवून कडक करावेत. मिक्सरमध्ये थोडे थोडे घेऊन थांबून थांबून फिरवावेत. सलग फिरवल्यास भांडे तापते. त्यात मीठ घालून हाताने चार-पाच मिनिटे जोरात मळावे. खिमा बोटांना चिकटू लागला व भांड्याच्या कडा सोडू लागला, की मीठ कामाला लागले असे समजावे. मग मसाले, व्हिनेगर, चुरा, लोण्याचे बारीक तुकडे आणि बर्फाचे पाणी घालून पुन्हा मळावे. चव पाहण्यासाठी कच्चा खिमा जिभेवर ठेवू नये. चमचाभर तव्यावर परतून मगच चाखावा.

आतड्याचे वेष्टण गावात मिळणार नाही आणि त्याची गरजही नाही. शेजारच्या जळगाव जिल्ह्यात केळीच्या बागांना तोटा नाही. केळीचे पान आचेवर धरून लवचिक करावे, त्याला तेलाचा हात लावावा व अंगठ्याएवढ्या जाडीच्या चार लांब सुरळ्या त्यात घट्ट गुंडाळून दोऱ्याने बांधाव्यात. कोथिंबीर वडीचे उंडे वाफवावेत, तशा या सुरळ्या मोदकपात्रात वीस-पंचवीस मिनिटे वाफवाव्यात. सुरळीच्या मध्यभागी तापमान ७४ अंश सेल्सिअसपर्यंत पोहोचले पाहिजे. स्वयंपाकाचा तापमापक काही शे रुपयांत मिळतो आणि या कामी त्याला पर्याय नाही. मांसाच्या अखंड तुकड्यावर जंतू बहुधा पृष्ठभागीच असतात. खिमा करताना मात्र ते आतपर्यंत मिसळतात. त्यामुळे 'वरून शिजले म्हणजे झाले' हा हिशेब येथे चालत नाही.

पनीर वितळत का नाही?

चीजच्या बाबतीत गृहिणींचा पहिला प्रश्न हाच असतो. घरी पनीर करता येते, मग तेच का भरू नये? भरता येईल, पण त्याची तार सुटणार नाही. पनीर करताना दूध जवळजवळ उकळून मग त्यात लिंबू किंवा व्हिनेगर घालतात. त्या उष्णतेने दुधातील निवळीची प्रथिने केसिन या मुख्य प्रथिनाला चिकटतात. शिवाय आम्लामुळे केसिनला बांधून ठेवणारे कॅल्शियम निघून जाते. असा गोळा तापवला तर तो वितळत नाही, कोरडा होत जातो. मटार-पनीरच्या रश्श्यात पनीर विरघळत नाही, ते यामुळेच.

मोझरेलासारख्या चीजमध्ये दूध फारसे न तापवता विरजणाने आंबवून, रेनेट नावाच्या विकराने घट्ट केलेले असते. पूर्वी हे विकर वासराच्या जठरातून काढत. आज ते बहुतेक ठिकाणी सूक्ष्मजीवांपासून मिळवले जाते. आंबटपणा नेमक्या टप्प्यावर आला, की त्यात थोडेच कॅल्शियम शिल्लक राहते आणि गरम पाण्यात घातलेला गोळा ओढला असता त्याचे रेशमासारखे धागे निघतात. इटलीतील कांपानिया प्रांतात हे चीज म्हशीच्या दुधापासून करतात. म्हशीच्या दुधात स्निग्धांश आणि कॅल्शियम दोन्ही अधिक. म्हणजे ज्या दुधासाठी इटलीचे चीज नावाजले जाते, तसे दूध वऱ्हाडातील गोठ्यागोठ्यांत रोज निघते.

रेनेट मिळाले नाही तरी कामापुरते, ताणले जाणारे चीज घरी करता येते. म्हशीचे २ लिटर दूध सतत ढवळत ६३ अंशांपर्यंत तापवून त्याच तापमानात अर्धा तास राखावे. हे पाश्चरीकरण होय. धारोष्ण दुधातून क्षय आणि ब्रुसेलोसिससारखे रोग पसरू शकतात, म्हणून ही पायरी गाळू नये. पण दूध उकळूही देऊ नये. उकळले तर पुन्हा पनीरच होईल. मग ते ४८ अंशांपर्यंत निवू द्यावे आणि साधारण १०० मिलिलिटर व्हिनेगर हळूहळू धार धरून घालावे. निवळी हिरवट दिसू लागून दुधाचा लोळा वेगळा झाला, की व्हिनेगर थांबवावे. दहा मिनिटांनी लोळा हाताने गोळा करून पिळावा. चमच्यावर धरून तो ७०-७५ अंशांच्या गरम पाण्यात मिनिटभर बुडवावा, बाहेर काढून दुमडावा आणि ओढावा. असे तीन-चार वेळा केले की पृष्ठभाग चकचकीत होतो. शेवटी पाऊण चहाचा चमचा मीठ मळून गोळा गार पाण्यात टाकावा. दोनशे ग्रॅमच्या आसपास चीज मिळते. उरलेली निवळी पावाचे पीठ भिजवताना वापरता येते.

बाजारातील चौकोनी 'चीज क्यूब' ही निराळी वस्तू आहे. १९११ साली स्वित्झर्लंडमध्ये वाल्टर गेर्बर आणि फ्रिट्झ श्टेटलर यांनी तयार चीज वितळवून त्यात सायट्रेटचे क्षार घालून ते पुन्हा घट्ट केले. तेच पहिले 'प्रोसेस्ड चीज'. ते सहज वितळते आणि उष्ण हवेत अधिक टिकते, म्हणूनच आपल्याकडे ते रुळले. घरचे चीज जमले नाही तर ते वापरण्यात कमीपणा नाही. पाकीट घेताना मात्र ते दुधाचेच आहे ना, हे पाहावे. वनस्पती तेलापासून केलेले, चीजसारखे दिसणारे पदार्थही बाजारात असतात.

पीठ आणि रोडग्याची आठवण

पिठाचे काम वऱ्हाडाला नवे नाही. गव्हाच्या कणकेच्या थरांवर थर चढवून केलेले रोडगे गोवऱ्यांच्या आरावर भाजण्याची येथील परंपरा जुनी आहे. देवाच्या जेवणावळीत रोडगे, वांग्याची भाजी आणि वरण यांची पंगत बसते तेव्हा शेकडो माणसांसाठी भट्टीशिवाय भाजण्याचे शास्त्र उघड्यावर पार पडते. निखारे फार लाल नसावेत, वर राखेची साय धरलेली असावी, गोळे वरचेवर फिरवावेत, हे आडाखे येथील जाणत्या हातांना शिकवावे लागत नाहीत. मंद आणि सर्व बाजूंनी लागणारी उष्णता म्हणजेच 'बेकिंग'. ओव्हन हे त्याचे केवळ एक साधन.

मात्र रोडग्यांचा आर चीजच्या पावाला चालत नाही. रोडग्याचे कवच जाड असते, वर लागलेली राख झटकता येते. यीस्टचा पाव हलका आणि त्यातील चीज उतावळे. कवच फुटले की ते थेट राखेत जाते. म्हणून बंद भांडे हवे.

साहित्य : कणीक २०० ग्रॅम, मैदा २०० ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ५ ग्रॅम, साखर १० ग्रॅम, मीठ ७ ग्रॅम, तेल २५ ग्रॅम, पाणी किंवा निवळी सुमारे २५० मिलिलिटर.

कृती : सर्व एकत्र करून दहा मिनिटे मळावे. पीठ ओढले असता तुटू नये. यीस्ट हा सजीव आहे. २५ ते ३० अंशांत तो सुखाने वाढतो. हिवाळ्यात पीठ दुप्पट फुगण्यास दीड तास लागेल, तर मे महिन्यात ते पाऊण तासातच उतू जाईल आणि आंबट होईल. म्हणून उन्हाळ्यात गार पाणी घ्यावे व भांडे ओल्या फडक्याने झाकून माठाशेजारी ठेवावे. ऋतूप्रमाणे घड्याळ बदलते. 'दुप्पट' हे माप मात्र बदलत नाही.

भाजणी

फुगलेल्या पिठाचे सोळा गोळे करावेत. वाफवून गार केलेल्या प्रत्येक सुरळीचे चार तुकडे करावेत. गोळा लाटून त्यावर सॉसेजचा तुकडा आणि त्याच्या कुशीत बोटाच्या पेराएवढे चीज ठेवावे. पुरणाचा उंडा मिटतो तसा तो चिमटून बंद करावा आणि जोड खाली येईल असा ठेवावा. जोड कच्चा राहिला, तर तेथूनच चीज वाट काढते. वीस मिनिटांनी वर दुधाचा हात फिरवून तीळ पेरावेत.

ओव्हन असल्यास २०० अंशांवर १८ ते २० मिनिटे पुरतात. नसल्यास जाड बुडाची जुनी कढई किंवा पातेले घ्यावे. त्यात जाड मिठाचा दोन बोटे थर, त्यावर तिवई, तिवईवर तेल लावलेली ताटली आणि वर घट्ट झाकण. प्रथम मध्यम आचेवर पंधरा मिनिटे रिकामेच तापवावे, मग पाव ठेवून २५ ते ३० मिनिटे भाजावेत. प्रेशर कुकर वापरायचाच, तर जुना वापरावा आणि त्याची शिटी व रबराची रिंग काढून ठेवावी. नॉनस्टिक भांडे या कामासाठी घेऊ नये.

पावावर चढणारा तांबूस रंग आणि त्याबरोबर येणारा खमंग वास हा साखर व प्रथिने यांच्या संयोगाचा परिणाम होय. लुई-कामीय मेयार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये या क्रियेचे वर्णन केले. ती साधारण १४० अंशांच्या पुढे जोमाने होते. कढईतील हवा वरच्या बाजूने तेवढी तापत नाही, म्हणून तेथील पाव वरून फिकट राहतात. झाकण काढण्यापूर्वी त्यावर थोडे निखारे ठेवले, तर हीही उणीव भरून निघते.

किती वेळ ठेवावे?

पाच ते साठ अंश सेल्सिअस हा जंतूंच्या वाढीचा पट्टा. शिजवलेले मांस या पट्ट्यात दोन तासांहून अधिक राहू नये. हवा ३२ अंशांहून गरम असेल तर एकच तास. बुलढाणा जिल्ह्यातील उन्हाळ्यात दुसराच नियम लागू होतो, हे वेगळे सांगायला नको. वाफवलेल्या सुरळ्या लगेच वापरायच्या नसतील, तर गार होताच शीतकपाटात ठेवाव्यात आणि दोन दिवसांत संपवाव्यात. मध्ये बराच काळ वीज गेली असेल, तर वासावर विश्वास न ठेवता त्या टाकून द्याव्यात. घातक जंतूंचा वास नेहमीच येतो असे नाही. कच्च्या मांसाची पाटी, सुरी आणि हात धुतल्याखेरीज पिठाला किंवा चीजला लावू नयेत. गोव्याच्या माळांचे अनुकरण करून ही सुरळी उन्हात वाळत घालण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. त्या माळांमागे मीठ, आंबट आणि धूर यांचे पिढ्यान् पिढ्यांचे प्रमाण आहे. येथे ते नाही.

शाकाहारी घरांसाठी

एकाच घरात काही जण मांस खातात आणि काही खात नाहीत, हे चित्र गावोगाव दिसते. त्यांच्यासाठी वेल्समधील 'ग्लॅमॉर्गन सॉसेज'चा दाखला उपयोगी पडेल. त्यात मांस नसतेच. चीज, पातीच्या कांद्याच्या जातीची 'लीक' ही भाजी आणि पावाचा चुरा यांचे ते केलेले असते. आपल्याकडे पनीर, कांद्याची पात, पावाचा चुरा आणि तोच लसूण-मिरीचा मसाला घेऊन त्याच आकाराच्या सुरळ्या करता येतील. पनीर वितळत नाही, हा त्याचा दोष या ठिकाणी गुण ठरतो. ते आकार धरून ठेवते आणि शेजारचे चीज वितळून तार सोडते.

सकाळी आणलेली कोंबडी, दुपारी ताणलेले चीज आणि संध्याकाळी कढईतून निघालेला पाव, असा हा एका दिवसाचा संसार आहे. पूर्वजांनी मांस आणि दूध उद्यासाठी राखले, कारण आज भरपूर असले तरी उद्याची शाश्वती नव्हती. घरचे सॉसेज-चीज उद्यासाठी नाही. ते आज, गरम असतानाच, घरातल्या सर्वांनी मिळून संपवण्यासाठी आहे. सोळा पाव पुरतील का, ही काळजी करावी. उरलेल्यांचे काय करावे, ही वेळ येऊ देऊ नये.